स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्या पोरापोरींनो, एड शीरनचा रस्ता नीट बघा (आईबाबांनो, तुम्हीपण)

३० जानेवारी २०२५ ला इंग्लंडचा गायक-गीतकार एड शीरन पुण्यात यश लॉन्सला गाऊन गेला, त्याच्या भारत टूरचा पहिलाच शो आपल्याकडे झाला, आणि तेव्हापासून माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न सुरू आहे, ताई मलापण स्वतःची गाणी करायचीयेत, सुरुवात कुठून करू. बारा ते अठरा वयाची पोरं आहेत ही, प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून काढते. उदाहरण एडचंच घेते कारण त्याचा लहानपणापासूनचा प्रवास बऱ्यापैकी उघड आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्याला खरंच करता येण्यासारखं आहे. जे करू नये तेपण सांगते.

आवाज जन्मतः असावा लागतो का

नाही. हे आधी डोक्यातून काढून टाक, कारण निम्मी पोरं इथेच थांबतात. एडनं स्वतः एका मुलाखतीत आपलं लहानपणीचं रेकॉर्डिंग वाजवून दाखवलंय, बेसूर आहे, अगदी सरळ सरळ बेसूर, शोधून ऐक म्हणजे तुला धीर येईल. १९९१ चा जन्म, हॅलिफॅक्सचा, पण वाढला सफोकमधल्या फ्रॅमलिंगहॅम नावाच्या छोट्या गावात. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा, आणि बोलताना अडखळायचा, चांगलंच. नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एमिनेम या रॅपरचा अल्बम आणून दिला, त्यानं तो अख्खा पाठ केला, शब्द न् शब्द, आणि तो म्हणतो की त्या भरभर म्हणण्यामुळेच माझं अडखळणं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेत अडखळत बोलणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यक्रमात त्यानं हे सगळं स्वतः सांगितलंय.

आता यातून तू काय करायचं, तर रोज काहीतरी पाठ म्हणायचं, ताल धरून. रॅप असेल तर रॅप, नाहीतर अभंग घे, पोवाडा घे, शाहिरी चालीत श्वास कुठे घेतात ते बघ, पोवाड्यात एका दमात किती शब्द जातात बघितलंयस का कधी? फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी ऐकू नकोस, त्याच दिवशी सगळं एकतर फारच भारी वाटतं नाहीतर फारच वाईट. आणि मुलग्यांनो, तेरा-चौदाला आवाज फुटतो तेव्हा वरच्या पट्टीत ओरडत बसू नका, गाणं दोन-तीन सूर खाली आणा, कॅपो (गिटारची पट्टी चढवायला तारांवर लावतात तो चिमटा) काढा, काही बिघडत नाही. त्या वर्षात लिहिण्यावर जोर द्या.

आईबाबांनो, हा भाग तुमचा

एडचे आईवडील कलेच्या क्षेत्रातले, वडील चित्रांची प्रदर्शनं वगैरे भरवणारे, आई दागिने डिझाइन करायची. श्रीमंती किंवा ओळखीपाळखी मला यात महत्त्वाच्या वाटत नाहीत. वडील त्याला लहान वयात कार्यक्रमांना घेऊन जायचे, लांबलांब गाडी चालवत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अकरा वर्षांचा असताना डब्लिनमध्ये डेमियन राइस या आयरिश गायकाला त्यानं एका छोट्याशा जागेत ऐकलं, नंतर भेटला पण, आणि तिथून आल्यावर गाणी लिहायला लागला. स्टेडियमचा शो असता तर असं झालं असतं असं मला वाटत नाही. छोट्या जागेत पोराला दिसतं की हा आपल्यासारखाच माणूस आहे, एक गिटार आहे, मधे पाणी पितोय, तार लावतोय, आणि लोक गप्प बसून ऐकतायत.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या कार्यक्रमात गिटारवादक एरिक क्लॅप्टनला टीव्हीवर वाजवताना बघितलं आणि लगेच एक स्वस्तातली जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. स्वस्तातली, हे लक्षात घ्या. पहिल्याच महिन्यात महागडी गिटार घेऊन देऊ नका, पण अगदी खेळण्यातलीपण घेऊ नका, जिच्या तारा फ्रेटबोर्डपासून (बोटं जिथं दाबतात त्या पट्टीपासून) इतक्या वर असतात की पोराची बोटं सोलून निघतात आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दुकानात जाऊन बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) तार किती वर आहे बघा, फार वर असेल तर सेटअप करून मागा, चांगला दुकानदार करून देतो.

आणि घेऊन जा हो पोरांना. पुण्या-मुंबईत कॅफेंमध्ये ओपन माइक (कोणीही जाऊन गावं असे कार्यक्रम) असतात, दिवाळी पहाट असते, गावाकडे भजनी मंडळं आहेत, जागराची रात्र असते, कुठे ना कुठे कोणीतरी समोर बसून जिवंत गात असतंच. रिॲलिटी शोच्या ऑडिशनच्या रांगेत उभं करण्याआधी वर्षभर एवढं करा. शो वाईट असतात असं नाही म्हणत मी, पण तिथं दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्याला मार्क मिळतात, आणि आपण इथं स्वतःचं लिहिणाऱ्या पोराबद्दल बोलतोय, त्याचा रस्ता वेगळा आहे.

लिहायचं कसं

एड एक गोष्ट नेहमी सांगतो, जुन्या घरातला नळ सोडला की आधी गढूळ पाणी येतं, ते वाहू द्यावं लागतं, मग स्वच्छ येतं. गाण्यांचं तसंच. म्हणजे पहिली गाणी वाईट येणारच आहेत आणि ती लिहिल्याशिवाय पुढची चांगली येत नाहीत, त्यामुळे एकच गाणं घेऊन सहा महिने घासत बसू नकोस. माझा नियम सरळ आहे, आठवड्याला एक गाणं पूर्ण. पूर्ण म्हणजे मुखडा, दोन कडवी, शेवट, फोनवर रेकॉर्ड. कसं झालंय हा प्रश्नच नाही, संपलंय का एवढंच बघायचं. पोरं इथे फार टाळाटाळ करतात, दहा मुखडे असतात आणि कडवं एकाचंही नाही, मुखडा सुचतो पण कडवं बसून लिहावं लागतं, आणि बसायची सवय लागणं हेच तर शिकायचंय.

विषय कुठून आणायचे? एड अठरा वर्षांचा असताना लंडनमध्ये बेघर लोकांसाठीच्या एका शेल्टरमध्ये गायला गेला होता, तिथं भेटलेल्या एका बाईच्या कहाणीवरून त्यानं ते गाणं लिहिलं जे नंतर त्याचं पहिलं ऑफिशियल सिंगल झालं, 'द ए टीम'. अठरा वर्षांचं पोरगं प्रेमभंगाशिवाय दुसऱ्या कशावर लिहू शकतं हे त्यातून कळतं. तूपण बघ आजूबाजूला. वॉचमन काका रात्री कोणाशी फोनवर बोलतात, क्लासच्या बाहेर दुपारी कोण बसतं, आजी एकटी असताना कुठलं गाणं गुणगुणते. फक्त खरी नावं आणि ओळख पटेल असं काही गाण्यात टाकू नकोस, त्या माणसानं तुला परवानगी दिलेली नसते.

एक नमुना दाखवते. पोरं पहिल्यांदा असं लिहून आणतात:

तुझ्या आठवणीत हे मन व्याकूळ झाले

यात चूक काहीच नाही, पण तू असं बोलतोस का कधी? "झाले" म्हणतोस का? ही ओळ हजार गाण्यांत बसेल, त्यामुळे ती तुझी नाही. आता तीच भावना अशी बघ:

शेवटची पीएमटी गेली, तुझी छत्री माझ्याकडेच राहिली

यात आठवण हा शब्दच नाही आणि तरी सगळं कळतं. शिवाय गायला सोपी आहे, कारण "शे" लांब आहे, पहिल्या ठोक्यावर छान बसतो, "गेली" चा "ली" ताणता येतो, "राहिली" चापण. मराठीत लिहिताना हे बघावंच लागतं, दीर्घ अक्षर लांब सुरावर टाकायचं आणि ऱ्हस्व अक्षर पटकन सोडायचं, उलटं केलंस तर शब्द वाकडा ऐकू येतो आणि ऐकणारा गाण्यातून बाहेर पडतो, का ते त्याला सांगता येणार नाही पण पडतो. "पाऊस" वर सूर धरायचा असेल तर "ऊ" वर धर, "स" वर धरताच येत नाही. इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द कोंबायला गेलास की इथेच अडकतोस, म्हणून आधी ओळ मोठ्यानं बोलून बघ, बोलताना ती जिथं वर-खाली होते तिथूनच चाल सुरू कर.

कॉर्ड्स? चार पुरेत. जी, डी, ई मायनर, सी. खरंच पुरेत, पहिलं वर्षभर तरी.

लूप पेडल, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं

एड स्टेजवर एकटा असतो आणि ऐकू दहा जण येतात, ती जादू लूप पेडलची, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत वाजवणाऱ्या, पायानं चालवायच्या छोट्या यंत्राची. शाळकरी वयात तो निझलोपी नावाच्या एका ब्रिटिश बँडच्या मागे लागला होता, त्यांच्यासोबत गिटार टेक (गिटारी सांभाळून, लावून देणारा) म्हणून कामपण केलं, आणि हे लूपचं वेड गॅरी डन या आयरिश गायकाकडून लागलं. जुलै २०१५ मध्ये त्यानं लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर सलग तीन रात्री शो केले, गिटार, पेडल आणि तो.

चालतं असं. पायानं एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) वाजवायचे आणि पाचव्या बारचा पहिला ठोका जिथं पडणार बरोब्बर तिथं परत दाबायचं, की ते चार बार गोल फिरायला लागतात. मग त्यावर दुसरा थर टाकायचा, मग तिसरा. सगळी गोम त्या दुसऱ्या दाबण्यात आहे. अर्धा ठोका उशीर झाला तर प्रत्येक फेरीत तो लंगडेपणा परत येत राहतो आणि वरचे सगळे थर त्या लंगडणाऱ्या लूपवर बसतात, लपवता येत नाही. म्हणून आधी पेडल न घेता सराव कर, मेट्रोनोम (ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं ॲप) ८० वर लाव, गिटारच्या खोक्यावर अंगठ्याच्या बाजूनं ठोका, मधल्या ठोक्याला तारा हातानं दाबून "चक्", आणि पाचव्या बारच्या एकला पाय आपट. नुसता पाय. आठवडाभर पाय बरोबर पडला की मग मोबाईलवर बँडलॅबसारखं फुकट ॲप घे आणि थर टाकून बघ, आधी खोका, मग कॉर्ड्स, मग खालच्या तारेवर बेस, शेवटी आवाज. थर टाकायचा क्रम पण ठरलेला ठेव, नाहीतर स्टेजवर गोंधळ होतो. हे जमलं तरच साधं एका बटणाचं पेडल घ्यायचा विचार कर, आणि घेताना विचार की त्यात माइक लावता येतो का, कारण बऱ्याच छोट्या पेडलमध्ये फक्त गिटारच जाते, आवाजाचा लूप करायला वेगळी सोय लागते.

लोकांसमोर

२००८ च्या सुमाराला एड लंडनला गेला आणि २००९ या एका वर्षात त्यानं ३१२ कार्यक्रम केले असं सांगतात. कुठलातरी गायक वर्षाला दोनशे करतो असं वाचलं होतं, म्हणून त्याच्यापेक्षा जास्त. पब, कॅफे, कोणाच्या दिवाणखान्यात, ऐकायला पाचच माणसं असली तरी. मित्रांच्या सोफ्यावर झोपायचा.

इथं मी स्पष्ट सांगते, शाळा-कॉलेज सोडून शहरात जाऊन सोफ्यावर झोपणं हा भाग उचलायचा नाही. लंडनमध्ये दर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पबमध्ये ओपन माइक असतो, आपल्याकडे तसं जाळं नाही, त्यामुळे इथं घर सोडलंस तरी तुला रोज गायला मिळणार नाही, नुसते हाल होतील. पण संख्येचा भाग उचल. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, सोसायटीचा गणपती, कोजागिरी, शाळेचं गॅदरिंग, कॉलेजात गेलीस की फिरोदिया करंडकसारख्या स्पर्धा, नातेवाईकांची हळद. दहा दिवसांच्या गणपतीत चार सोसायट्यांत एकेक गाणं म्हणायला मिळालं तर तो चार वेळा वेगळ्या लोकांसमोर केलेला सराव आहे. गणपतीत लोक बोलत असतात, पोरं पळत असतात, माइक शिट्टी मारतो, प्रसाद वाटप चालू असतं, आणि अशात तुझ्या दुसऱ्या कडव्याला एक जरी काकू मान वर करून बघायला लागली तर ते कडवं ठेव. जिथं सगळे मोबाईल काढतात ते कडवं घरी जाऊन बदल. इतकं खरं मत तुला कोणी तोंडावर देणार नाही.

दोन ओळखीची गाणी, मग एक तुझं, मग परत एक ओळखीचं, असा क्रम लाव. सगळी स्वतःचीच म्हणायचा हट्ट सुरुवातीला नको.

रस्त्यावर गायचं असेल तर परवानगीचं आधी बघ. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर खुद्द एड गात असताना पोलिसांनी येऊन वायर काढली, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा बाग असो की चौक, आधी विचारून घ्यायचं आणि मोठी माणसं बरोबर ठेवायची.

लोकांपर्यंत पोचणं

२०१० मध्ये त्याचा एक व्हिडिओ एसबीटीव्हीवर आला. हे जमाल एडवर्ड्स नावाच्या पोरानं शाळकरी वयात सुरू केलेलं यूट्यूब चॅनल होतं, मुख्यतः रॅप आणि ग्राइम (लंडनमधली रॅपचीच एक भरभर शैली) वाल्यांचं. तिथं हा लाल केसांचा, गिटारवाला पोरगा. गिटारवाल्यांच्या गर्दीत गेला असता तर त्यांच्यातलाच एक ठरला असता, तो वेगळ्या गर्दीत गेला. जानेवारी २०११ ला त्यानं त्याच ग्राइम कलाकारांबरोबर केलेली ईपी (थोड्या गाण्यांचा छोटा अल्बम) स्वतःच काढली, कंपनी नाही, जाहिरात नाही, आणि ती आयट्यून्सच्या चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. पुढे कॅम्डेनच्या बारफ्लायमध्ये फुकट शो ठेवला तर हजारावर पोरं आली, जागेत मावेनात, मग त्यानं सगळ्यांना ऐकवण्यासाठी एकापाठोपाठ चार वेळा शो केला, शेवटचा तर जागा बंद झाल्यावर बाहेर रस्त्यावर. त्यानंतर ॲसायलम रेकॉर्ड्स या कंपनीनं साइन केलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये पहिला अल्बम थेट यूकेत एक नंबरला.

मला त्या चार शोंबद्दल फार वाटतं. जे आलेत त्यांना परत पाठवायचं नाही, एवढं साधं त्यानं पाळलं.

तुझ्यासाठी यातून घ्यायचं ते हे, की आपल्यासारखंच करणाऱ्यांच्या पलीकडे मित्र शोध. पखवाज वाजवणारा पोरगा, मराठी रॅप करणारी मुलगी, संबळ वाजवणारे कोणी. एक गाणं दोघांचं केलंस की दोघांचे ऐकणारे एकत्र येतात. आणि व्हिडिओ एकच ठरलेल्या वारी टाक, एका टेकमध्ये, आवाज स्वच्छ, पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून हातभर. लाइट कमी असला तरी लोक बघतात, आवाज खराब असला की पुढे जातात.

कागदपत्रं, यात आळस नको

एडवर चाल चोरल्याचे खटले झाले. २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टात 'शेप ऑफ यू' चा जिंकला, २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दुसऱ्या गाण्याचा, तिथं तर साक्षीच्या जागी बसून गिटार वाजवून दाखवली. पहिल्या खटल्यापासून तो म्हणतो की आता मी गाणं करतानाच सगळं चित्रित करून ठेवतो. तूपण ठेव. पहिला गुणगुणलेला व्हॉइस मेमो, वहीतल्या खाडाखोडीचा फोटो, सगळं तारखेच्या नावानं सेव्ह कर, आणि स्वतःला ईमेल करून ठेव म्हणजे फोन गेला तरी राहील.

आपल्या कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत, आणि गाणं तयार झालं की कॉपीराइट आपोआप तुझा असतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. मित्रासोबत लिहिलंस तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून टाका की शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के कोणाला. मैत्री आहे म्हणूनच लिहायचं.

अठराच्या आत तू केलेला करार कायद्यात धरला जात नाही, म्हणून कोणी कागद आणला तर सही आईबाबांची मागतात. आईबाबांनो, तो कागद त्याच बैठकीत सही करू नका, घरी आणा, वकिलाला दाखवा. बघायचं काय, तर हक्क किती वर्षांसाठी देताय, कुठल्या प्रदेशासाठी, आणि कुठल्या माध्यमांसाठी. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, पण बहुतेक कंपन्या "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जग" असं छापूनच आणतात. त्यावर बोलता येतं, खोडता येतं. गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर सहजासहजी काढून घेता येत नाही, तरी कोणी "एकरकमी घ्या आणि विसरा" म्हणालं तर सावध व्हा.

गाणं स्पॉटिफाय, ॲपल वगैरेवर टाकायला डिस्ट्रोकिड, ट्यूनकोरसारखे डिस्ट्रिब्युटर लागतात. काही जण वर्षाची फी घेतात आणि फी थांबली की गाणं खाली उतरू शकतं, ते आधी वाचून घे. रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेव, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासदत्व घ्यायचं, ऑफिस मुंबईत आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि सभासद झालं की काम संपत नाही, प्रत्येक नवीन गाणं तिथं नोंदवावं लागतं, शब्द आणि चाल कोणाची ते टक्क्यांसकट. व्हॉट्सॲपवर ठरवलेले टक्के आणि तिथं भरलेले टक्के एकच असू देत.